‘साखर सोसावी लागते’ या सिद्धान्ताविरुद्ध

मनोविकारावरील औषधे घेणाऱ्या रुग्णाला मधुमेह जडला, की त्याच्या घरच्या माणसांना एक ठरीव दिलासा देण्यात येतो. आजार मोठा, औषध जालीम. डोके ठिकाणावर राहावयाचे असेल तर साखर सोसावीच लागते. तेव्हा आता साखरेच्याही गोळ्या चालू करा आणि दोन्ही औषधे जन्मभर घ्या, असा त्याचा मथितार्थ असतो. हा दिलासा देणारे पुष्कळदा मोठे सहृदय वैद्य असतात, आणि ज्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शंभरावर माणसे हजेरी लावून जातात, तेथे मान वर करण्याचीही फुरसत नसताना ते हे बोलतात, याची मला जाणीव आहे. पण वर्षानुवर्षे उच्चारला गेल्यामुळे या दिलाशाला आता सिद्धान्ताचे स्वरूप आले असून, त्यावर नातेवाईक विसंबतात, परिचारिका विसंबतात आणि ज्यांनी त्याची कठोर तपासणी करावयाची ते मधुमेहाचे तज्ज्ञही विसंबतात. हा सिद्धान्त पुराव्याला धरून नाही, आणि त्याच्या आड एका अख्ख्या रुग्णवर्गाच्या शरीराची उपेक्षा राजरोस चालते, हे मला येथे सप्रमाण दाखवावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. या औषधांचा मी वैरी नाही. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमॅझिन मनोरुग्णांना देऊन पाहिले, त्यापूर्वी स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या माणसाच्या नशिबी बहुधा चार भिंती आणि त्यांना बाहेरून लावलेली कडी एवढेच होते. त्या औषधाने आणि त्याच्या वंशजांनी असंख्य माणसे पुन्हा घरात आणून बसविली, हे ज्याला दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लॉइश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा असे दिसून आले की, औषध चालू ठेवलेल्या रुग्णांपैकी सुमारे वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, तर औषधाच्या जागी निर्गुण गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा उलटला. साखरेच्या बाबतीत सर्वाधिक बदनाम असलेले क्लोझापिन घ्या. फिनलंडमधील नोंदींच्या आधारे टिहोनेन यांनी २००९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार या वर्गातील औषधांत सर्वात कमी मृत्यू क्लोझापिन घेणाऱ्यांतच आढळले. तेव्हा औषध हवे की नको, हा माझ्यापुढील प्रश्नच नव्हे. औषध घेणाऱ्याच्या शरीराची जबाबदारी कोणावर, आणि त्याला जडलेली साखर अटळ व अढळ मानावयाची काय, हे माझ्यापुढील प्रश्न आहेत.

ही औषधे आणि साखर यांच्यातील नाते काही काल-परवा उमगलेले नाही. क्लोरप्रोमॅझिन प्रचारात आल्यानंतर थोड्याच वर्षांत त्यावरील रुग्णांच्या लघवीत साखर उतरल्याची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली होती. पुढे नव्या पिढीची औषधे निघाली. १९८९ साली क्लोझापिनला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९९६ साली ओलॅन्झापिनला. जुन्या औषधांनी येणारा हातापायांचा ताठरपणा व कंप या नव्या औषधांत पुष्कळच कमी, म्हणून त्यांचे स्वागतही मोठे झाले. त्या स्वागताच्या गजरात वजनाच्या काट्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००२ साली जपान सरकारने मधुमेही रुग्णांना ओलॅन्झापिन देण्यास मनाई केली. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या वर्गातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकात साखरेचा इशारा छापण्याचा हुकूम काढला. आणि २००४ साली अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांच्या संघटनांनी एकत्र बसून जे निवेदन काढले, त्यात क्लोझापिन व ओलॅन्झापिन यांचा धोका सर्वाधिक, रिस्पेरिडोन व क्वेटियापिन यांचा मधला, आणि अरिपिप्राझोल व झिप्रासिडोन यांचा सर्वात कमी, अशी प्रतवारीही लावून दिली. ओलॅन्झापिनच्या निर्मात्या एली लिली कंपनीने, दाव्यांत तथ्य नाही असे म्हणत म्हणत, मधुमेहादी तक्रारी घेऊन आलेल्या सुमारे ८,००० दावेदारांशी २००५ साली ६९ कोटी डॉलरांची तडजोड केली. हा सारा तपशील दप्तरी दाखल आहे. सबब, ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही कैफियत आज कोणालाही देता यावयाची नाही. आणि ती देता येत नाही म्हणूनच तिच्या जागी ‘ठाऊक आहे, पण इलाज नाही’ ही दुसरी कैफियत पुढे करण्यात आलेली आहे.

या दुसऱ्या कैफियतीतील पहिला युक्तिवाद दिसावयास विद्वत्तेचा आहे. मधुमेह मुळात औषधामुळे होतच नाही, तो त्या आजाराचाच भाऊबंद आहे, असे सांगण्यात येते, आणि त्यासाठी हेन्री मॉडस्ले यांची साक्ष काढण्यात येते. ज्या कुळांत वेड आढळते त्यांत मधुमेहही वारंवार आढळतो, असे या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १८७९ सालीच, म्हणजे ही औषधे जन्मास येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी, नमूद करून ठेवले होते. यात सत्याचा अंश आहे, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. अद्याप एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांची साखर निरोगी माणसांपेक्षा किंचित बिघडलेली असते, हे अलीकडील अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. परंतु या सत्यांशावरून जे अनुमान काढले जाते ते पार उलटे आहे. ज्याचा कल मुळातच साखरेकडे आहे, त्याला साखर वाढविणारे औषध देताना दुप्पट जपावयाचे, की ‘त्याला व्हायचाच होता’ म्हणून हात झटकावयाचे? कुळात क्षय असलेल्या मुलाला ओलीच्या खोलीत निजविणाऱ्या माणसाचा हा बचाव कोणत्या न्यायासनापुढे टिकेल?

शिवाय औषधाचा हात स्वतंत्रपणे पकडला गेलेला आहे. अमेरिकेत कॅरन टेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविकाराचा लवलेश नसलेल्या निरोगी स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून, त्यांचे खाणे व हालचाल आपल्या ताब्यात घेऊन, नऊ दिवस ओलॅन्झापिन दिले. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, तरीदेखील इन्सुलिनचा प्रभाव मात्र ढळला. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे आजार नव्हता, आळस नव्हता, भज्यांचे ताट नव्हते. होते ते केवळ औषध. आपल्याकडे रांचीच्या केंद्रीय मनोरुग्णालयातही प्रथमच आजारी पडलेल्या, औषधाचा स्पर्श न झालेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वेगवेगळी औषधे वाटून देऊन साखरेचा माग काढण्यात आला, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या कर्त्यांनी बिघाडाचा दोष आजाराकडे न देता औषधाकडे दिला. सर्वात बोलकी साक्ष आहे ती कोलर व दोराईस्वामी यांनी २००२ साली एकत्र केलेल्या वृत्तांची. ओलॅन्झापिनवर असताना साखर बिघडलेल्या २३७ रुग्णांची वृत्ते त्यांनी तपासली. त्यांतील ७३ टक्के प्रकरणे औषध सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत घडलेली; १५ माणसे दगावलेली; औषध थांबविल्यावर वा कमी केल्यावर ७८ टक्क्यांची साखर सुधारलेली; आणि ज्या दहांना ते पुन्हा देण्यात आले त्यांपैकी आठांची पुन्हा बिघडलेली. वृत्ते म्हणजे चाचणी नव्हे, डॉक्टरांनी आपण होऊन कळविलेल्या प्रकरणांत अतिरेकी प्रकरणांचीच भरती अधिक व्हावयाची, हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो रास्त आहे. पण दिले की चढते, काढले की उतरते, पुन्हा दिले की पुन्हा चढते, एवढी रुजवात झाल्यावर दोष केवळ कुळाच्या माथी मारता येत नाही.

दुसरा युक्तिवाद विद्वत्तेचा नाही; तो कुत्सित आहे, आणि म्हणूनच त्याचा मला अधिक संताप येतो. ही माणसे दिवसभर लोळतात, बकाबका खातात, फिरावयास जा म्हटले तर जात नाहीत, मग साखर होणार नाही तर काय होईल, असे जे म्हटले जाते, आणि रुग्णाच्या समोरच म्हटले जाते, त्यात औषधाने केलेल्या कृत्याचा गुन्हा रुग्णाच्या चारित्र्यावर नोंदविण्यात येतो. ओलॅन्झापिन व क्लोझापिन मेंदूतील हिस्टॅमिनचे व सेरोटोनिनचे जे विशिष्ट ग्राहक अडवून धरतात, त्यांच्याकडेच भूक आवरण्याचे काम असते. ते अडले की पोट भरल्याचा निरोप जेथे पोहोचावयाचा तेथे पोहोचतच नाही. स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्सुलिन सोडतात, त्यांना जेवणाची वर्दी देणारा एक मार्गही या औषधांमुळे मंदावतो. आणि औषधाने आलेली गुंगी वर बसतेच.

ही भूक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी तिच्याविषयी बोलू नये. माझ्या मामेभावाला ओलॅन्झापिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच तो रात्री दोनच्या सुमारास उठून स्वयंपाकघरात अंधारात उभा राहू लागला. टोपलीतल्या शिळ्या भाकऱ्या तो गुळाशी कोरड्याच खाई. मामीने फडताळाला कुलूप घातले तेव्हा भिजत घातलेली मटकी त्याने तशीच मुठीमुठीने खाल्ली. मामी ओरडली, तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, “आई, जेवलोय हे मला कळतं गं, पण पोटाला कळत नाही.” आजारापूर्वी हा मुलगा एका भाकरीवर उठत असे. पुढे तो तांब्यामागून तांबे पाणी पिऊ लागला, रात्री अंथरूण ओले होऊ लागले, आणि हा वेडाचाच नवा प्रकार असावा असे समजून त्याची झोपेची गोळी वाढविण्यात आली. साखर तपासण्याची बुद्धी झाली ती घराजवळच्या एका साध्या डॉक्टरला, आणि तेव्हा ती चारशेच्या वर होती. त्याच्या केसपेपरचे पुडके मी पानापानाने चाळले आहे. प्रत्येक भेटीला ‘औषधे तीच’ असा शेरा आहे. ‘वजन’ या छापील शब्दापुढची जागा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी आहे. त्या मुलाला लोळणारा, खादाड म्हणण्याचा अधिकार त्या कोऱ्या जागेच्या धन्याला कोठून प्राप्त झाला, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे प्रकरण अधिकच नाजूक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या इंग्रज सहकारी युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे छायाचित्र छापले ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित आहे: दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, पण आतून मेदस्वी अशी ही आपली भारतीय ठेवण आहे, आणि ज्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत त्या देशात तिचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. युरोप-अमेरिकेतील रुग्ण ज्या वजनाला धोक्याच्या रेषेपाशी येतो, त्याच्या कितीतरी अलीकडे आपला रुग्ण ती ओलांडून गेलेला असतो. म्हणून ‘हा तर काही जाड दिसत नाही’ हा आमच्या बाह्यरुग्ण विभागातील नेहमीचा अभिप्राय डोळ्यांचा भ्रम आहे. कंबरेभोवती फीत धरल्यावाचून यातले काही कळत नाही, आणि ती फीत धरण्यास अर्धे मिनिट पुरते.

आता मुख्य मुद्दा. एकदा आलेली साखर जात नाही, हे या सिद्धान्ताचे ब्रह्मवाक्य. हे वाक्य साध्या मधुमेहाच्या बाबतीतही आता खरे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये मायकेल लीन व रॉय टेलर यांनी चालविलेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, गेल्या सहा वर्षांत मधुमेह निघालेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या रुग्णांचे वजन कठोर आहारनियमाने उतरविण्यात आले, तेव्हा वर्षअखेर ४६ टक्क्यांचा मधुमेह शमला. नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हेच प्रमाण ४ टक्के होते. ज्यांनी १५ किलो वा त्याहून अधिक वजन उतरविले, त्यांच्यात तर ८६ टक्क्यांचा शमला. हे निष्कर्ष २०१७ साली आले, आणि त्यानंतर मधुमेहमुक्तीच्या व्याख्यानांना महाराष्ट्रातील गावोगावची सभागृहे भरू लागली. २०२१ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने उपशमाची व्याख्याही निश्चित केली: साखरेची सर्व औषधे थांबविल्यावर निदान तीन महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, साडेसहा टक्क्यांच्या खाली असली पाहिजे. परंतु या उज्ज्वल चाचणीच्या प्रवेशनियमांत एक कलम होते, आणि ते फारच थोड्यांनी वाचले आहे: मनोविकाराची ही औषधे घेणाऱ्यांना तीत प्रवेश नव्हता. चाचणी सुटसुटीत ठेवण्यासाठी असे करावे लागते, हे मला समजते. पण ज्यांना दारातच अडविले, त्यांच्याविषयी ‘यांची साखर परतत नाही’ असा फैसला त्याच चाचणीच्या जगात राहून देणे म्हणजे न घेतलेल्या परीक्षेत नापास ठरविणे होय.

आणि जेथे जेथे या रुग्णांना दार उघडण्यात आले, तेथे तेथे काय घडले? चीनमध्ये वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाने वजन वाढलेल्या १२८ रुग्णांवर चाचणी केली. बारा आठवड्यांत मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायामाची शिस्त दोन्ही मिळालेल्यांचे वजन सरासरी ४.७ किलोंनी उतरले, नुसती निर्गुण गोळी मिळालेल्यांचे ३.१ किलोंनी चढले. हे २००८ साल. मेटफॉर्मिन हे काही दुर्मिळ रसायन नव्हे. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील, खेड्यातल्या दुकानातही मिळणारे ते स्वस्त औषध आहे. डेन्मार्कमध्ये लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोझापिन वा ओलॅन्झापिनवर असलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रुग्णांना, त्यांचे मूळ औषध तसेच चालू ठेवून, लिराग्लुटाइडची इंजेक्शने दिली. सोळा आठवड्यांत ६४ टक्के रुग्णांची साखर पूर्ववत झाली, आणि निर्गुण इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण १६ टक्के राहिले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. क्लोझापिन सोडले नाही. मन ठिकाणावर राहिले. आणि साखर मागे गेली. ‘दोन्हींपैकी एकच’ हा जो पर्याय आजवर घरच्यांपुढे टाकला जात होता, तो या एका चाचणीनेच निकालात काढला आहे.

तिसरा मार्ग औषध बदलण्याचा. २०११ साली अमेरिकेतील स्ट्रूप यांच्या चाचणीत ओलॅन्झापिन, क्वेटियापिन वा रिस्पेरिडोनवरील २१५ रुग्णांपैकी निम्म्यांना अरिपिप्राझोलवर नेण्यात आले. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन ३.६ किलोंनी उतरले, जुन्याच औषधावर राहिलेल्यांचे ०.७ किलोंनी, आणि आजार बळावण्याच्या प्रमाणात लक्षणीय अंतर पडले नाही. येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: बदललेले औषध मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते, न बदललेल्यांत ते २५ टक्के होते. म्हणजे बदल हा सर्वांसाठी नव्हे, आणि तो हळूहळू, डोळ्यात तेल घालून करावयाचा आहे. तसेच प्रत्येकाचा मधुमेह शमेल असेही मी म्हणत नाही. ज्याला तो जडून दहा-पंधरा वर्षे उलटली, ज्याच्या स्वादुपिंडातील पेशी थकल्या, ज्याच्या दोन्ही कुळांत साखर आहे, त्याला कदाचित ती सांभाळीतच जगावे लागेल; परंतु ती सांभाळणेही काही कमी नव्हे, कारण डोळे, मूत्रपिंडे आणि पाय त्यावर अवलंबून असतात. माझे म्हणणे इतकेच की, आधी प्रयत्न व्हावा आणि मग निराशा सांगितली जावी. आज निराशा आधी सांगितली जाते आणि प्रयत्न होतच नाही. माझ्या मामेभावाच्या बाबतीत पुढे एका तरुण मनोविकारतज्ज्ञ बाईंनी औषध बदलले, मेटफॉर्मिन दिले आणि मामीला दर महिन्याला वजनाची वही घेऊन बोलाविले. आज तो मनाची गोळी घेतो, साखरेची घेत नाही. एका माणसाच्या अनुभवावर शास्त्र उभे राहत नाही, हे मी जाणतो. पण त्या बाईंनी केले त्यात असे काय होते, की जे पहिल्या वर्षीच करता आले नसते?

येथे मला पाठ फिरवून दुसऱ्याच एका पक्षाकडे तोंड करावे लागते, कारण माझी वरील वाक्ये उचलून तो आपल्या फलकावर लावील, हे मला स्पष्ट दिसते. ‘पहा, गोळ्यांनीच साखर होते, गोळ्या फेकून द्या, साखर आपोआप जाईल,’ असे सांगणारी मंडळी आपल्याकडे उदंड आहेत, कोणी काढा देतात, कोणी पथ्य देतात, कोणी नुसताच आत्मविश्वास देतात. त्यांना माझे उत्तर असे की, ७८ टक्क्यांची साखर सुधारली हा आकडा ज्या वृत्तांत आहे, ती डॉक्टरांच्या नजरेखाली औषध कमी केल्याची वा थांबविल्याची वृत्ते आहेत. घरच्या घरी गोळ्यांची पाकिटे मोरीत ओतल्याची नव्हेत. क्लोझापिन एकाएकी तोडले तर आजार पूर्वीपेक्षा भयंकर रूपाने उसळून येऊ शकतो. आजार उलटलेला रुग्ण पथ्य पाळत नाही, फिरावयास जात नाही, साखर तपासू देत नाही. तेव्हा गोळी फेकून साखर घालविण्याची ही युक्ती स्वतःच्याच पायावर धोंडा पाडते. त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या फेकणाऱ्यांचे काय झाले, कोण रेल्वेच्या रुळांवर सापडले, कोण घरातून निघून गेले, याचा हिशेब हे उपदेशक ठेवीत नाहीत. आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी म्हणून अमेरिकेत २००२ साली ज्या औषधाला खास मान्यता मिळाली, ते हेच क्लोझापिन आहे. एका अर्थी हे दोन्ही पक्ष एकाच वाक्यावर उभे आहेत: मन आणि शरीर या दोहोंपैकी एकालाच वाचविता येते. एक मन निवडतो, दुसरा शरीर निवडण्याचा आव आणतो, आणि रुग्ण मधल्या मध्ये मरतो. सामान्य माणसापेक्षा सरासरी चौदा-पंधरा वर्षे आधी मरतो, आणि त्यातील पुष्कळसे मरण हृदयविकारादी शारीरिक व्याधींचेच असते.

‘पण ही माणसे ऐकतात कोठे?’ हा शेवटचा आक्षेप. गंभीर मनोविकार असलेल्यांना आहार-व्यायामाची शिस्त जमत नाही, हे इतक्या खात्रीने बोलले जाते की, कोणीतरी ते मोजले असेल असे वाटावे. ते मोजण्यात आले आहे, आणि उत्तर उलटे आले आहे. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये गेल डॉमिट यांनी पुनर्वसन केंद्रांतील २९१ रुग्णांवर चाचणी केली. जवळजवळ सर्व रुग्ण मनोविकाराची औषधे घेत होते, कित्येक एकाहून अधिक घेत होते. त्यांच्याच केंद्रात, त्यांच्याच वेळेला, सामुदायिक व्यायाम आणि सोप्या भाषेतील आहारशिक्षण देण्यात आले. अठरा महिन्यांनंतर ३८ टक्के रुग्णांनी आपल्या वजनाचा विसावा भाग किंवा त्याहून अधिक उतरविलेला होता. शिकवणी न मिळालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. आणखी एक गोष्ट तेथे दिसली, जी मला फार मोलाची वाटते: साधारण लोकांत वजन उतरल्यावर काही महिन्यांत ते पुन्हा चढू लागते, या रुग्णांत ते पुढेही उतरत राहिले. ज्यांना आपण ऐकत नाहीत म्हणतो, त्यांना कोणी सांगावयास बसलेच नव्हते.

तेव्हा प्रश्न शास्त्राचा उरत नाही, कामाच्या वाटणीचा उरतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणतो, साखर माझे क्षेत्र नव्हे; मधुमेहतज्ज्ञ म्हणतो, या रुग्णाची औषधे बदलण्याचा मला अधिकार नाही; आणि रुग्ण एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे चिठ्ठी घेऊन हिंडतो. मनोविकारतज्ज्ञांच्या तोंडी तर ही सबब शोभतच नाही. मॅनफ्रेड साकेल याने व्हिएन्नामध्ये १९३३ च्या सुमारास इन्सुलिन टोचून रुग्णांना बेशुद्ध करण्याची उपचारपद्धती काढली, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ जगभरच्या, आपल्या देशातीलही, मनोरुग्णालयांत तिच्यासाठी खास दालने चालली. त्या दालनांत परिचारिका तासन् तास रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा घाम, नाडी, श्वास पाहत, आणि ठरल्या क्षणी नाकातील नळीने साखरेचे पाणी देऊन त्याला शुद्धीवर आणीत. तो उपचार निष्फळ ठरला आणि गेला. पण मनोरुग्णाच्या रक्तातील साखरेवर पहारा ठेवण्याची विद्या या शाखेला परकी नाही, हे त्याने सिद्ध करून ठेवले आहे. साखर उतरवावयाची होती तेव्हा ती जर मनोविकारतज्ज्ञांच्या क्षेत्रात होती, तर औषधाने ती चढते तेव्हा ती क्षेत्राबाहेर कशी गेली?

कायद्यानेही ही पळवाट बुजविलेली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला, आणि त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे मनोरुग्णाला आरोग्यसेवेच्या बाबतीत शारीरिक व्याधीच्या रुग्णाच्या बरोबरीने वागविणे बंधनकारक आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला साखर वाढविणारे औषध दिले आणि वर्षानुवर्षे ती तपासली नाही, तर त्याचे नातेवाईक डॉक्टरला जाब विचारतील. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतून किंवा जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून दर महिन्याला गोळ्यांची पुडी घेऊन जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांनाही तोच अधिकार आहे, आणि तो त्यांनी बजावावा. २००४ च्या निवेदनात वेळापत्रक दिलेले आहे: औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व चरबी, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात वजन, बाराव्या आठवड्यात पुन्हा साखर, आणि पुढे वर्षातून एकदा. ७३ टक्के प्रकरणे पहिल्या सहामाहीत घडत असतील, तर माझ्या मते पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी साखर पाहिली पाहिजे, आणि वजन तर प्रत्येक भेटीला. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. औषधाच्या खिडकीशेजारी एक काटा, एक फीत, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर सांगणारे एक यंत्र, आणि त्या तिन्हींवर नावानिशी नेमलेली एक परिचारिका, एवढ्याने आरंभ होतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे आकडा गेला, की केसपेपरवर ‘औषधे तीच’ असे लिहिण्याची मुभा डॉक्टरला असू नये. ती तीच का ठेवली, मेटफॉर्मिन का दिले नाही, बदल का केला नाही, याचे कारण त्याने स्वहस्ते लिहावे, आणि त्या पानाची नक्कल रुग्णाच्या घरच्यांना त्याच दिवशी मिळावी.